दोन्ही बाह्या डाव्या

ता. ३ जून

चि. ताईस काकाचे भरभरून आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? जावईबापूंचा खोकला? धाकटीला दात आले का? मी ठणठणीत, काकूचं गुडघ्यांशी भांडण चालूच. काळजी सूनबाईची. गोदामात कापडाचा तागा डोक्यात पडल्यापासून तिला उजेड सोसत नाही, लक्ष लागत नाही. खडूची रेघ न मारता कापणारी पोर. परवा शाळेतल्या मास्तरांच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्यान आणि मी न बघता शिवल्या!

गोदामवाल्यावर दावा लावलाय. त्याचा वकील म्हणतो, स्कॅन स्वच्छ आहे, बाई सोंग करतेय. आमचे वकील म्हणतात, नव्या तऱ्हेचा रंगीत स्कॅन काढू, लाल डाग दिसले की जिंकलो. तू रोज लोकांची डोकी आतून बघतेस. हो म्हणून टाक.

तुझा काका

ता. १० जून

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

पाठ बरी, खोकला गेला, दात दोन. पण हो म्हणणार नाही, रागवा हवं तर. साधा स्कॅन स्वच्छ म्हणजे मार लागलाच नाही, असं नव्हे. तसंच रंगीत चित्रातले डाग त्या ताग्यामुळेच, असं एका माणसाबद्दल शपथेवर सांगता येत नाही. धडधाकट माणसांतही ते दिसतात. समोरचा वकील त्याच्या चिंध्या करेल आणि वहिनीचं खरं दुखणंही खोटं ठरेल. आधी काय जमायचं, आता काय जमत नाही, ते बघणाऱ्यांनीच सांगावं. माप न घेता बेतू नये, हे तुमचंच ना?

तुमची ताई

ता. २८ ऑगस्ट

चि. ताईस आशीर्वाद, आणि कान पकडून शाबासकी.

आठवडाभर तुझ्यावर फुगलो होतो. सूनबाईनेच वकिलांना सांगितलं की रंगीत चित्र नको. कोर्टात विरुद्ध वकिलाने स्कॅन नाचवला. ती शांतपणे म्हणाली की स्कॅनमध्ये काय दिसतं ते डॉक्टर सांगतील, मला काय जमत नाही ते मी सांगते. तिच्या डॉक्टरांनीही तुझ्यासारखंच सांगितलं. मग साक्षीला मास्तर आले, तोच शर्ट घालून! एक खांदा ओढलेला, एक फुगलेला. म्हणाले की इतक्या वर्षांत या हाताची चूक पाहिली नव्हती, म्हणून परत केला नाही.

न्यायाधीशांनी सूनबाईचं दुखणं खरं मानलं. ती घरी येऊन दिवा न लावता बसली, पण मान ताठ.

जन्मभर बिघडलेला कपडा गिऱ्हाइकापासून लपवत आलो. हा एकच भर कोर्टात मिरवताना पाहिला आणि ऊर भरून आला. तुम्ही दोघी माझ्या घरच्या!

लोभ आहेच, तो वापरात ठेव. तिसऱ्या दाताची वाट न बघता पत्र धाड.

तुझा काका