न दुखणारी पट्टी

३ मार्च
डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या पुरे झाल्या, उद्यापासून इन्सुलिनचं इंजेक्शन. मी हसून सांगितलं, माझी पट्टी तीन आठवड्यांत तयार होतेय. पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्यावर शंभर बारीक सुया. दंडावर दाबायची, सुया कातडीत विरघळतात, त्यांतलं इन्सुलिन आत. अजिबात दुखत नाही. किती दिवस काम चाललंय, त्यांनी विचारलं. आठ वर्षं, म्हणालो. तरी इंजेक्शनच लिहून दिलं. जळतात बहुतेक.
मी सुईला घाबरत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ मार्च
बायकोने इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात, अंड्यांशेजारी ठेवलंय. आजपासून फ्रिज न उघडण्याचा संकल्प.
दुपारी मोडला. दूध हवं होतं. पेनकडे बघितलं नाही.

९ मार्च
लॅबच्या ड्राय रूममध्ये, म्हणजे हवेतला दमटपणा काढून घेतलेल्या खोलीत, सात तास. खिडकी नाही. दार एकच, तेही खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. साच्यातून पट्टी काढली तर सुया मऊ. कातडीला टेकल्या की मान टाकतात. लॅबच्या सरांनी विचारलं, रिपोर्ट कधी? झालाच, म्हणालो. नोकरी सोडावीशी वाटते. पण या सुयांशिवाय मला येतं काय?

१५ मार्च
शुगर दोनशे नव्वद. बायको बोट टोचत होती तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो, त्यामुळे आकडा चुकला असणार.

१८ मार्च
जिंकलो. साचा साठ डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवला. तासाभरात सुया टाचणीसारख्या कडक. चाचणीसाठी आणलेल्या डुकराच्या कातडीत शंभरच्या शंभर घुसल्या. इतकी साधी गोष्ट आठ वर्षांत कुणाला सुचू नये?

२० मार्च
गुपचूप स्वतःच्या दंडावर पट्टी लावली. खरंच दुखलं नाही. त्या आनंदात केकचे तीन तुकडे. दोन तासांनी शुगर तीनशे चाळीस.
बायकोला सगळं सांगितलं. ती तव्यावर अंडं फोडत होती. म्हणाली, इन्सुलिन म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्यासारखं प्रोटीन, असं तूच सांगतोस ना? मग त्याला ओव्हनमध्ये कशाला घातलंस? म्हणालो, ते इतकं सोपं नसतं.
मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसलो.

२४ मार्च
कॅलेंडरवरचे आकडे पुसट दिसतात. छपाई हलकी आहे.
बायकोलाही कॅलेंडर दाखवलं. तिला स्वच्छ दिसलं. ती रडली. मी सुईला घाबरतो. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२५ मार्च, सकाळी आठ
खुर्चीत बसलो. शर्ट वर केला, डोळे घट्ट मिटले. बायकोला बजावलं, तीनपर्यंत मोज आणि मगच पोटाला टोच. ती काही मोजेना. वाट बघून बघून घाम फुटला. शेवटी ओरडलो, टोच एकदाचं.
स्वयंपाकघरातून आवाज आला, टोचून झालं केव्हाच. डबा भरतेय तुझा.
काही म्हणजे काही दुखलं नाही.
आठ वर्षं.
नऊ वाजता ड्राय रूम. सरांनी विचारलं तर सांगायचं, तीन आठवडे.