ताईच्या सहीआधी

सलाला, ओमान
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

तुला, आईला आणि पाळणाघरातल्या सगळ्या रडक्या मंडळींना माझा नमस्कार. मी बरा आहे. वजन वाढलंय, आईला सांग.

राखी पोचली. मिथुनने बांधली, माझ्या खोलीतला चेंबूरचा मिथुन. गाठ मारून हात पुढे केला, "टाक ओवाळणी, बहीण समज मला."

तुला वाटतं इथे नुसती वाळू. पण आत्ता डोंगर हिरवे आहेत, कोकणासारखे. समुद्रावरून धुकं येतं आणि बंदरात कंटेनरांच्या गल्लीत शिरतं. माझं काम तेच आहे, थंड कंटेनरांचं तापमान बघत फिरायचं. आत मासे, केळी, कुठल्या कुठल्या देशांची सफरचंदं. धुक्यात वरचे कंटेनर दिसेनासे होतात. मग मला त्या बिल्डिंगी वाटतात. वर कोणीतरी राहतंय, कपडे वाळत घालतंय. परवा मान वर करून उभाच राहिलो तर सुपरवायझर ओरडला, "क्या ढूंढ रहा है ऊपर?" काय सांगणार? आमचा मुलुंडचा चौदावा मजला?

आपली जुनी बिल्डिंग पाडून बिल्डर बांधणार ती नवी अजून कागदावरच आहे, पण मी तिथलं घर रोज लावतो. डोळे मिटले की सुरू. खिडकीपाशी आईचा पलंग, तिथून मिठागरं दिसतात आणि पलीकडे खाडी. हॉलमध्ये झोपाळा. भिंतीवर बाबांचा फोटो, तो हसणारा. वारा एवढा की पडदे छताला लागतात. परवा सगळं लावून झालं आणि बघतो तर तुझं अंथरूण कुठेच नाही. तुझ्या पाळणाघराचे पाळणे नाहीत. सगळ्या खोल्या शोधल्या गं. दारावर पाटी होती, माझ्या एकट्याच्या नावाची.

हे फोनवर बोललो असतो. पण आई स्पीकर लावते, आणि तू "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय कापतेस. म्हणून लिहितोय.

राखीच्या पाकिटात तू हक्कसोडपत्राची झेरॉक्स घातलीस. वर चिठ्ठी, "यंदा माझ्याकडून तुला ओवाळणी. पुढच्या महिन्यात सही करते." ही धोंडिरामकाकाचीच घाई असणार. आपल्यात बाप गेला की बहिणी सही करतात, वाटा भावाला सोडतात, त्यांना साडी नेसवतात, गोडाचं जेवण होतं, झालं. कोणी जबरदस्ती करत नाही. म्हणून कोणाला काही वाटतही नाही.

खरं सांगू? मलाही वाटलं नव्हतं. बाबांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं, म्हणजे जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो. मिथुनने ती झेरॉक्स वाचली. मग त्याने त्याच्या आतेबहिणीला फोन लावून दिला. दीप्ती नाव, वकील आहे. ती म्हणाली, "नॉमिनी म्हणजे मालक नाही. सोसायटीने कोणाशी बोलायचं, तेवढंच ते. वडिलांनी मृत्युपत्र केलं नाही ना? मग आई, ताई आणि तू, तिघांचा सारखा हिस्सा. ताईने सही केली की तिचा संपला."

फोन ठेवल्यावर मिथुन म्हणाला, दीप्तीच्या आईनेही अशीच सही केली होती. त्याच्या पप्पांना. तीही तेव्हा त्याच घरात राहत होती. पुढे पप्पांनी ते घर विकलं. आत्या आता टिटवाळ्याला भाड्याने राहते. मी म्हटलं, "फसवलं रे तुझ्या पप्पांनी तिला." तर म्हणतो, "नाही यार. सही घेतली तेव्हा पप्पांना खरंच विकायचं नव्हतं."

ताई, मलाही आत्ता विकायचं नाहीये.

पण मी कसा आहे ते तुला माहीत आहे. नववीत शाळा सोडली, मोबाईलचं दुकान सोडलं, पुणं सोडलं, सुरत सोडलं. इथे संध्याकाळी समुद्रात लाँच जातात, दिवे लावून, आवाजसुद्धा येत नाही. वाटतं, अशी एक आपली असावी. तारकर्लीला माणसं फिरवावीत. आणि ती लाँच कशातून येते? चौदाव्या मजल्यातून. दर वेळी. मी सुकाणूपाशी बसतो, मागे वळतो, तर धक्क्यावर तू आणि आई, पाळणे घेऊन उभ्या. हात हलवता. रागावलेल्यासुद्धा नसता.

म्हणून सही करू नकोस. बिल्डरच्या करारात तिघांची नावं राहू देत. करारापुरतं माझं मुखत्यारपत्र तुझ्या नावाने पाठवतो, वकिलातीत जाऊन सही करतो. फक्त करारापुरतं, विकायला नाही. उद्या मी विकायला निघालो तर तुझी सही लागेल. ती देऊ नकोस. पाया पडलो, शिव्या घातल्या, रडलो तरी देऊ नकोस. काका बोलेल, जागेची हाव सुटली म्हणून. बोलू दे. माझा नंबर दे त्याला.

आईच्या हिश्श्याचं आईने ठरवावं, तिच्या मनाने, आणि लिहून ठेवावं. मी विषय काढला तर म्हणाली, "माका नको ते मरणाचे कागद." तू समजाव, दुपारी चहा झाल्यावर.

आणि तुझं काय गं? चाळिशीला आलीस. पेन्शन कोण देणार तुला, पाळण्यातली पोरं? ती घर राहिलं तर येतील, पण तूही कधी थकशील. दर महिन्याला थोडे तुझ्या एकटीच्या नावाने टाकत जा, पेन्शनच्या खात्यात नाहीतर म्युच्युअल फंडात. आधी ते, मग किराणा. ते आईचे नाहीत, माझे तर नाहीतच. मी मागितले तरी.

तू "कधी येतोस" म्हणून विचारतेस आणि मी धुक्याबद्दल बोलत राहतो. इथलं कंत्राट संपतंय. पुढचं मला माहीत नाही, ताई. परत तिकडे येईन असं वाटत नाही. आईला एवढ्यात सांगू नकोस.

तू जन्मभर मला हो म्हणत आलीस. आता एकदा नाही म्हण.

तुझ्या नकाराच्या भरवशावर,
तुझा
सुशांत