पहिलं दार कोणी उघडायचं

नाशिक,
३ एप्रिल

तीर्थरूप आप्पांना,

वाकून नमस्कार. आईलाही सांगा. तिचे गुडघे कसे आहेत ते तिच्याकडून नको, तुम्ही कळवा, कारण फोनवर ती कायम ठणठणीत असते. मी बरी आहे, जेवते वेळेवर. इथे ऊन आत्ताच इतकं तापलंय की लोक आमच्या दुकानात नुसती एसीची हवा खायला येतात आणि लाजेकाजेस्तव एखादा चार्जर घेऊन जातात.

पोरीला इतक्या दिवसांनी पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की तुम्ही "गिऱ्हाईक शे, मंग बोल" म्हणून ठेवता. व्हॉट्सअॅपवर काही पाठवावं तर बाकावर जो कोणी बसलेला असेल तो ते मोठ्याने वाचून दाखवतो. हे चार जणांत वाचायचं नाही. घरी नेऊन वाचा.

सोमनाथमामांबरोबर पाठवलेलं दुकानाचं चित्र मिळालं. पुठ्ठ्यावर छान काढलंय, पट्टी लावून. काउंटर काढायचा, मागची काचेची कपाटं काढायची, बाक बाहेर, पुढे सगळी काच, आणि फ्रिज-टीव्ही मोकळे मांडायचे, लोकांनी हात लावून बघावेत असे. खाली तुम्ही लिहिलंय, आखाजीचा सण झाला की चिमाजी सुतार काम धरणार, तू मोठ्या दुकानात आहेस तर बरोबर आहे का ते बघून सांग. आप्पा, चिमाजीला इतक्यात हो म्हणू नका. का, ते सांगते. पण जरा फिरून येऊ द्या मला, सरळ सांगायला जमत नाहीये.

आमच्याकडे काउंटर नाही हे खरं. पैसे कुठे द्यायचे हेच लोकांना सापडत नाही, मग आम्ही हातातल्या मशीनवर घेतो. बसायलाही काही नाही. बसलेला माणूस फिरत नाही आणि न फिरणारा माणूस दुसरं काही घेत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं. टीव्हींची एक अख्खी भिंत आहे, तिच्यावर सगळीकडे एकच मासा पोहत असतो. गिऱ्हाईक आत येतं तेच मोबाइल हातात धरून. मी काही सांगितलं की ते मोबाइलला विचारतं, ही बाई खरं बोलतेय का. मग सगळी दारं उघडून, सगळी बटणं दाबून, माझं डोकं खाऊन घरी जातं आणि ऑनलाइन मागवतं. वस्तू बिघडली तर एक नंबर आहे. तो लावला की हिंदीसाठी एक दाबा, अमक्यासाठी दोन दाबा. तिसऱ्या दिवशी मेसेज येतो, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. वॉशिंग मशीनमध्ये पाणी तसंच असतं. मग ज्या बाईचं मशीन ती येऊन माझ्यावर ओरडते, आणि मी तिला तोच नंबर देते.

तुमच्याकडे माणूस बाकावर टेकला की आधी पाणी, मग कोणाचा कोण, मग घरात माणसं किती, आणि भाव अगदी शेवटी. मोठा फ्रिज मागायला आलेल्याला तुम्ही लहान देऊन पाठवायचात, "एवढा कशाले, दोनच माणसं शेतस ना घरात" म्हणून. आप्पांना धंदाच येत नाही, असं मी शाळेत असताना मैत्रिणींना सांगायचे. आता मला विचाराल की कोणाचं बरोबर, तर मला खरंच सांगता येणार नाही. आमच्याकडे विक्री तुमच्या कितीतरी पट होते, आणि एकाही गिऱ्हाइकाचं नाव मला माहीत नसतं.

गेल्या महिन्यात चांदवडहून बयाबाई नावाच्या एक आजी आल्या होत्या. नातीच्या लग्नात फ्रिज द्यायचा म्हणून जीप भरून माणसं आलेली. नात पसंत करत होती आणि आजी नुसत्या उभ्या राहून बघत होत्या, येणारा-जाणारा फ्रिजची दारं कशी उघडतोय ते. शेवटी म्हणाल्या, "ह्याची दारं गावानं उघडलेली हायेत. असला फ्रिज मी पोरीला देणार नाय." आमची दुकानातली मुलं हसायला लागली. आजी, हा दाखवायचा आहे, घरी खोक्यातला नवा येईल, असं सांगून ती दमली. आजी म्हणाल्या, मग तो दाखवा. तो दाखवता येत नाही म्हटल्यावर त्या चपला घालून निघाल्याच.

मला काय झालं कोण जाणे. मी गोडाउनमधून बंद खोकं आणवलं, मॅनेजरच्या केबिनमधली खुर्ची आजींना दिली, पाणी दिलं. आणि मग आपण आपल्या दुकानात करतो ते सगळं केलं. खोकं उतरवलं, दाराला चिकटपट्टी तशीच ठेवली, आजींच्या पिशवीतल्या पुडीतलं हळदीकुंकू लावलं, आणि पहिलं दार नातीच्या हातून उघडलं. आई आत साखरेची वाटी ठेवायला देते, ती कुठून आणणार, म्हणून आमच्या चहाच्या साखरेच्या पुड्या ठेवल्या. नात रडली, आजी रडल्या, मीही जरा रडले. मोबाइल बघणारे सगळे तिथे येऊन उभे राहिले.

त्यात पूजा मॅडम होत्या. त्या पुण्याच्या, आमच्या सगळ्या शाखा बघतात, त्या दिवशी तपासणीला आलेल्या. मला वाटलं नोकरी गेली. त्यांनी मला केबिनमध्ये बसवलं आणि हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं. मी सांगितलं. पाणी आधी आणि भाव नंतर कसं ते सांगितलं. तुम्ही आठवड्याने फोन करून बर्फ नीट होतो का विचारता ते सांगितलं. नवरा घ्यायला आला तरी तुम्ही बायकोला आणायला लावता तेही सांगितलं. मी बोलत गेले आणि त्या टाइप करत गेल्या. मला तुमचा फार अभिमान वाटत होता आप्पा, म्हणून थांबवेना.

आता ते सगळ्या शाखांत सुरू होतंय. पितळी ताट येणार, कंपनीचं नाव छापलेली साखरेची पुडी येणार. बाकसुद्धा येणार आहे, लाकडी. नवा करून तो जुना दिसेल असा घासून देतात म्हणे. तुम्ही बाक बाहेर काढताय आणि आम्ही विकत आणतोय. हसावं की काय करावं, मला कळत नाही.

इथवर फिरले, आता सांगते. आपल्या नामपूरला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर जो नवा गाळा झालाय, तिथे बँक येणार असं तुम्ही म्हणत होतात. बँक येणार नाही. आमची कंपनी येणार आहे, आखाजीच्या मुहूर्तावर. आणि तिथली मॅनेजर म्हणून मला पाठवत आहेत.

मी हो म्हटलंय. विचार करायला वेळ मागायचा असतो हे हो म्हणून झाल्यावर आठवलं. बाहेर येऊन पेढे घ्यायला गेले, दुकानापाशी पोचल्यावर ते द्यायचे कोणाला हे कळेना, तशीच परत आले. माझ्याबरोबर राहणारी पिंकी म्हणाली, मी नाही गेले तर दुसरं कोणी जाईल, दुकान तर उघडणारच. तिचं बरोबर आहे. तरी मी तिच्याशी भांडले आणि अजून बोलत नाही.

मला आनंद झालाय आप्पा, ते लपवत नाही. मॅनेजर व्हायचं होतंच मला, आणि घरी यायचं होतं. पण दोन्ही असं एकदम मागितलं नव्हतं. सकाळी आई दोन डबे भरणार आणि आपण दोघं एकाच दारातून निघून दोन दुकानं उघडणार, हे डोळ्यांपुढे आणून बघते आणि पुढचं काही दिसत नाही. गावातल्या कोणी मला विचारलं, पोरी, तुझ्याकडे घेऊ का आप्पांकडे, तर काय सांगू? खरं सांगायचं तर आमच्याकडे स्वस्त पडेल, आणि बिघडला तर तुमच्याकडचा बरा. हे दुकानात उभी राहून बोलता येईल का मला?

चिमाजीला काउंटर तोडू देऊ नका. काचा लावून तुम्ही आमच्यासारखे दिसाल, पण आमच्याइतकं स्वस्त तुम्हाला देता येणार नाही. हे तुमची मुलगी म्हणून सांगतेय की समोरच्या दुकानाची मॅनेजर म्हणून, हे मला नीट ठरवता येत नाहीये. तुम्हीच काय ते समजून घ्या.

घरी राहायला येऊ की सटाण्याला खोली बघून तिथून ये-जा करू, ते लिहा. येऊ नको म्हणायचं असेल तर तसं लिहा. फक्त "बरं, बरं" लिहू नका, त्यातून मला आजवर कधी काही कळलेलं नाही.

एक राहिलं. गावात लावायचं पोस्टर छापायला चाललंय. त्यावर माझा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, "नवनाथआप्पांची स्नेहा, आता आपल्या सेवेत." तुमच्या नावावर लोक आत येतील, असं पूजा मॅडम म्हणतात. येतीलच. मी त्यांना थांबवलंय, घरी विचारते म्हणून.

होस्टेलवर असल्यापासून प्रत्येक पत्राखाली मी हेच लिहीत आले, नवनाथआप्पांची स्नेहा. तेच शब्द आता छापायला मागतायत. तुमचं उत्तर येईपर्यंत ते मला इथेही लिहिता येत नाहीत.

स्नेहा