दोराचं पुढचं टोक

लोनदाल, २४ मे २००९

चि. सौ. आस्लाउग हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान माझा नंबर लागतो. गुडघा बरा आहे. नवा बसवलाय तो जुन्यापेक्षा चांगला वाकतो, फक्त मालकाचं ऐकत नाही. यंदा हिमनदीवर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरने बजावलंय. म्हणजे सेंट हान्सच्या सणाआधीच्या रविवारी सगळं खोरं स्की खांद्यावर टाकून वर जाईल आणि मी लॉजच्या पायरीवर बसून वॅफल भाजीन. पाहुण्यांच्या स्की वाहून ज्याने चौदा खोल्यांचं लॉज उभं केलं, त्याच्यावर ही वेळ!

खरी गोष्ट दादाची आहे. परवा आला, कॉफी घेतली आणि जाता जाता म्हणाला की ओलाचं होडीघर यंदा रंगवल्यापासून झकास दिसतंय. ओलाचं होडीघर जानेवारीच्या वादळात खाडीत गेलं. मी काय म्हणालो असेन? रंग छान बसलाय म्हणालो.

तुला म्हणून सांगतो, कुणापाशी बोलू नकोस. नाहीतरी इथे सगळ्यांना माहीत आहे. दादाला दिसत नाही. जवळचं थोडं, लांबचं काहीच नाही. आणि एकेचाळीस वर्षं दोराचं पुढचं टोक त्याच्याच कमरेला आहे. जूनमध्ये हिमनदीच्या भेगांवर बर्फाचे पातळ पूल उरतात. ते पहिल्याने ओळखायचे, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. गेली दोन वर्षं दुसरा मी होतो. सारखी बडबड करत होतो: बाप रे, उजवीकडची भेग काय रुंदावलीय, डावीकडचा बर्फ कसा दुधासारखा पांढराफेक आहे. दादा चिडायचा, म्हणायचा की तुझं तोंड आहे की गिरणी. पण वळायचा बरोबर.

बाकी म्हातारा खडखडीत. निघायची वेळ मात्र दरसाल अलीकडे आणतो. पूर्वी सहा, मग साडेपाच, यंदा पाच. सकाळचा बर्फ कडक असतो म्हणतो. असेल.

तर यंदा दुसरं कोण? दादाने तुझ्या सुन्निवाचं नाव घेतलंय. म्हणाला, पोरीने हिमनदीचा कोर्स केलाय, बघू तरी शहरात काय शिकवतात. हे तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं. माया आहेच, ती उन्हाने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सिवर्टभाऊ


बर्गन, ३० मे २००९

ती. सिवर्टभाऊस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा खुर्ची ओढून बसले, तिसऱ्यांदा तुझा राग आला. तो अजून उतरलेला नाही.

अरे, न दिसणाऱ्या माणसाच्या मागे तुम्ही चौतीस माणसं दोराला बांधता, आणि त्यात दुसरी माझी मुलगी? माणसं आहात की मेंढ्या? मेंढ्यासुद्धा पुढचीला दिसतंय की नाही ते बघून घेतात. तुझ्या लॉजच्या भिंतीवर दादानेच हातभर अक्षरांत रंगवलंय ना, की वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही? पाहुणे त्या पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. एकेचाळीस वर्षांत एकदा तरी कुणी फिरलंय का?

इथे चाळीस वर्षं राहून मला तोंड फुटलं, ते बरंच झालं. मोतीबिंदू असेल तर तासाभराचं काम आहे; आमच्या शेजारीण बाई दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचत होत्या. तू त्याला सांग. समोर बसून, सरळ शब्दांत. तुझ्यावर विसंबून राहत नाही म्हणून मी दादालाही आजच वेगळं पत्र टाकतेय, चार पानी, काही न लपवता. सुन्निवाला नको जाऊ म्हणाले तर ती म्हणते, आई, मी चोवीस वर्षांची आहे. जशी काही ती भेगेला वय दाखवणार आहे.

वहिनीला नमस्कार. राग आहे म्हणून लोभ नाही असं समजू नये.

तुझी,
आस्लाउग


लोनदाल, १२ जून २००९

चि. सौ. आस्लाउग हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी पूर्ण वाच, मग ओरड.

तू सांगितलंस म्हणून मी धुरावलेला ट्राउट मासा घेऊन दादाकडे गेलो. दोन तास बसलो. त्याच्या छपरावरच्या गवताबद्दल बोललो, शेजाऱ्याच्या मेंढ्यांबद्दल बोललो. शेवटी त्यानेच विचारलं की तुला काही सांगायचं होतं का. मी म्हणालो, छपराचा उत्तरेकडचा कोपरा गळतोय. तो म्हणाला, ठाऊक आहे. मी घरी आलो.

मी एकटाच भित्रा आहे असं समजू नकोस. पाद्रीबुवांनी गेल्या रविवारी खास आंधळ्याला दृष्टी मिळाल्याच्या गोष्टीवर प्रवचन दिलं, सारखं दादाकडे बघत. दादाने बाहेर पडताना त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की प्रवचन उत्तम झालं, या खोऱ्यात काही जणांनी मनावर घ्यायला हवं. डॉक्टर त्याला म्हणाला की हल्ली धुकं फार पडतं, नाही का? दादा म्हणाला, हो, फारच.

मग सहलीच्या समितीची बैठक झाली. अकरा माणसं, सात प्रकारचे केक. गाण्यांचे कागद पिवळे छापायचे की पांढरे, यावर पाऊण तास चर्चा. शेवटचा विषय ‘इतर काही’. यर्ट्रुडबाई अध्यक्ष, त्यांनी तीनदा विचारलं की कुणाला काही मांडायचंय का. अकराही जण आपापल्या कपात बघत होते, जणू तळाशी कोणी बुडतंय. शेवटी कागद पिवळेच छापायचं एकमताने ठरलं.

आता वाईट भाग. तुझं पत्र दादाला मिळालं. तो ते घेऊन माझ्याकडे आला. चष्मा घरी राहिला म्हणाला, जरा वाचून दाखव. मी उघडलं. पहिलंच वाक्य: दादा, तुला दिसत नाही. आस्लाउग, तो समोर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. मी वाचलं की बर्गनला पाऊस आहे, आलुबुखारे यंदा कमी येतील, तब्येतीची काळजी घ्यावी, सगळ्यांना नमस्कार. त्याने पत्र परत घेतलं, नीट घडी केली आणि खिशात ठेवलं. तू उत्तम वाचतोस म्हणाला.

अगदीच हातावर हात ठेवून बसलो नाही. माझा स्वयंपाकी झ्बिग्निएव पोलंडचा आहे, इथे दोन हिवाळे स्की शिकलाय. त्याला शनिवारी गुपचूप वर पाठवून सुरक्षित वाटेवर काठ्या रोवून घेणार आहे. कुणाला कळायचं नाही. दादाच्या मागून येणाऱ्यांना तरी वाट दिसेल. तुझी मुलगी दुसरी आहे, तिला डोळे आहेत. मला शिव्या दे, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुझा,
सिवर्टभाऊ


लोनदाल, २२ जून २००९

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, मोठेमामा ठीक आहेत. हे आधी, कारण तू पत्र उभ्यानेच वाचतेस.

तू फोनवर जाऊ नको म्हणालीस तरी गेले, कारण मी नसते तर तिथे काहीच माहीत नसलेलं कुणीतरी बांधलं गेलं असतं. मी दुसरी, म्हणून दोर ताणून धरणं तरी माझ्या हातात होतं.

पाचला निघालो. स्की खांद्यावर, पायाखाली उघडे दगड. मामा दोनदा थांबले, बुटाची नाडी सुटली म्हणाले. नाडी सुटलेली नव्हती. दीड तासाने बर्फ लागला, दोर बांधले, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या लावल्या. धुकं होतं. मामा पुढे, आणि मागे एकामागून एक पाच दोर. सगळ्यांत शेवटी पाद्रीबुवा, डब्यात केक घेऊन.

पाऊण तास चाललो असू, तोच मामांची स्की कशाला तरी लागली. बांबू, वर लाल फडकं. ते म्हणाले, ही काय गोठ्याची वाट आहे काठ्या लावायला? कुणी लावली म्हणून विचारलं. मागे एकदम बऱ्याच जणांना खोकला आला. दहा पावलांवर दुसरी काठी, ही प्लास्टिकची नळी. जरा पुढे तिसरी. ती त्यांनी हाताने चाचपली, नाकापाशी नेली आणि म्हणाले की हिला सिवर्टच्या माशाच्या सूपचा वास येतोय. आई, ती लॉजच्या स्वयंपाकघरातल्या झाडूची दांडी होती, टोकाला हात पुसायचा रुमाल.

तेवढ्यात धुकं वर गेलं आणि हिमनदी दिसली. चार ओळी! धाकट्या मामांची, डॉक्टरची, पाद्रीबुवांची आणि यर्ट्रुडबाईंच्या समितीची. प्रत्येकाने गुपचूप येऊन आपापली सुरक्षित वाट आखलेली, आणि चारही वाटा चार दिशांना. लग्नाच्या मांडवासारखं दिसत होतं.

मामांनी मान न वळवता मला हळूच विचारलं, किती ओळी आहेत. मी म्हणाले चार. कुणाकुणाला माहीत आहे, विचारलं. मी म्हणाले, खोऱ्यात सगळ्यांना. पाहुण्यांना आता कळलं असेल. मग मी विचारूनच टाकलं की मोठेमामा, तुम्हाला माझा चेहरा दिसतो का? ते म्हणाले, कुणीतरी लाल जाकीट घातलेलं दिसतं. माझं जाकीट निळं आहे. मी तसं सांगितलं.

आणि हेही सांगितलं की समोर पाच पावलांवर बर्फ आडवा खचलाय, करडा पट्टा दिसतोय, आणि झ्बिग्निएवच्या काठ्या बरोबर त्याच्यावरून जातात. ते माझ्या दोरावर हळूहळू पुढे सरकले, हातातली काठी लांबवून टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली. खालून थंड वारा वर आला, तो मलाही लागला.

मला वाटलं आता ओरडतील. पण ते मागे वळले आणि लॉजच्या भिंतीवरचं वाक्य मोठ्याने म्हणाले, चौतीस जणांना ऐकू जाईल असं. मग म्हणाले, फिरा.

कसं फिरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं! कधी फिरलंच नव्हतं ना. मागे फिरलं की शेवटचा पहिला होतो, म्हणजे पुढे पाद्रीबुवा. शेवटचे पहिले होतील, असं शास्त्रात आहे म्हणाले, आणि केकचा डबा छातीशी धरून निघाले. आपल्याच खुणांवरून सुखरूप आलो. आता मामा अगदी शेवटी, आणि त्यांच्या पुढे मी बडबडत.

खालच्या उतारावर भेगा नाहीत, तिथे दोर सोडले. ऊन आलं होतं, बर्फ ओल्या साखरेसारखा मोकळा झालेला. मामा म्हणाले, तू पुढे हो, आणि जरा आवाज करत वळ. मी वळले की ते वळायचे. माझ्या स्कीच्या खरखरीवर सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस असा उतरला की मी एकदा थांबून बघत राहिले, तर त्यांनी आवाज का थांबला म्हणून हाक मारली.

खाली सगळ्यांनी केक खाल्ला. बर्फ यंदा छान होता, असं प्रत्येक जण म्हणाला. मामा तुझ्याकडे यायला तयार आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे, लगेच, मत बदलायच्या आत.

तुझी,
सुन्निवा


लोनदाल, ४ ऑक्टोबर २००९

चि. सौ. आस्लाउग हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, आणि लिहिलेलं मला दिसतंय. अक्षर एवढं वाईट आहे हे मला माहीत नव्हतं. तुझ्याकडचे ते आठवडे आणि तुझं बोलणं दोन्ही अंगी लागलं. डोळे मात्र डॉक्टरनेच बरे केले, श्रेय घेऊ नकोस.

मेमधलं तुझं पत्र खिशात ठेवलं होतं, ते घरी आल्यावर वाचलं. चार पानं. सिवर्टने वाचलं तेव्हा चार वाक्यांत संपलं होतं. एवढ्या जाड पाकिटात एवढे थोडे आलुबुखारे कसे, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याला रागावू नकोस. त्याच्या बडबडीवर मी दोन वर्षं चाललो, तो गिरणीसारखा का बोलतो हेही मला ठाऊक होतं. कुणीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. ते मी बोलेन म्हणून वाट पाहत होते. आपल्या खोऱ्यात सगळे सभ्य. पुढच्या वर्षी सुन्निवा पुढे, मी दुसरा. ती रागावेपर्यंत बडबड करणार आहे.

आता एक गोष्ट तुलाच सांगतो. बर्फाची कड गाठायला पूर्वी चाळीस मिनिटं लागायची. मग तास, मग दीड तास. मला वाटलं, पाय गेले. डोळे गेले ते लोकांना कळलं, निदान पायांचं कळू नये म्हणून मी दरसाल निघायची वेळ अलीकडे आणत गेलो, आणि नसलेल्या नाड्या बांधत बसलो.

काल सिवर्टबरोबर लॉजच्या पायरीवर बसलो होतो. स्वच्छ ऊन. मी वर पाहिलं. ज्या वळणावर आम्ही लहानपणी स्की बांधायचो तिथे नुसते दगड. त्याच्या वर दगड. पार त्या काळ्या सुळक्याच्या मागे हिमनदीची एक मळकट पांढरी शेपटी. मी सिवर्टला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला की तुझ्या छपराचा उत्तरेकडचा कोपरा अजून गळतोय. मी त्याचा दंड धरला आणि सोडलाच नाही. मग म्हणाला, दहा वर्षं. आधी वाटलं तुला दिसतंय. नंतर वाटलं, नाही दिसत तेच बरं.

माझे पाय शाबूत आहेत, आस्लाउग. ते कळल्यावर हसू यायला हवं होतं. मान वळवली तर डोक्यावर माझीच पाटी: वेळीच मागे फिरा. एकेचाळीस वर्षं मला वाटत होतं की माझं ते वाक्य कुणीच पाळत नाही. एकीने पाळलं, दरसाल थोडं थोडं, कुणाला न सांगता.

आहे तोवर येऊन बघून जा.

तुझा,
तोर्गिल्सदादा