उमाबाईंचं बोट आणि कंपनीचं यंत्र

देवास, बुधवार, १२ नोव्हेंबर २००८

तीर्थस्वरूप हंबीररावदादा यांचे सेवेशी,

जयसिंगरावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याने घातलेला साष्टांग मानून घ्यावा). आपली साखर आणि वहिनीसाहेबांचे गुडघे आटोक्यात असतील अशी आशा करतो. आपल्या भगिनी, म्हणजे आमच्या सौ. उमाबाई, सोमवारी धारेस सुखरूप पोचल्या असतीलच. बस सव्वानऊला सुटली, खिडकीची जागाही मिळाली. (मी स्टँडवर गेलो नव्हतो. समोर पोह्यांच्या दुकानात उभा होतो.) त्यांनी तिकडे काय सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून खरी हकिगत कळवतो.

दिवाळीआधी आमच्या कारखान्याने स्टोअरच्या आम्हा अधिकाऱ्यांचे जुने लॅपटॉप काढून घेतले आणि नवे वाटले. जुना दगडासारखा जड होता, पण सरळमार्गी होता. नवा पाटीइतका हलका. आता मला सांगा, एवढं वजन घटलं म्हणजे आतलं काहीतरी काढलंच असणार की नाही? (विचारलं, तर सहीचा कागदच पुढे सरकवला. तेव्हाच ओळखलं.) सोबत दोन पानी परिपत्रक. पहिल्या पानावर सोयी, दुसऱ्यावर बंदी, आणि बंदीचं पान जास्त भरलेलं. पेन ड्राइव्हची भोकं ठेवली आहेत, पण त्यांत काही चालणार नाही. घरचा फोटो ठेवायचा नाही. दहा मिनिटं हात लावला नाही किंवा झाकण मिटलं, की कुलूप. वर कपाळाच्या जागी कॅमेऱ्याचा डोळा. आपण त्यात बघायचं की त्याने आपल्याला, हे परिपत्रकात कुठेही नाही. मी उमाबाईंच्या पाकिटातली एक टिकली काढून त्या डोळ्यावर लावली. यंत्राला जरा घरचं वळणही आलं.

खरी मेख पुढे होती. कुलूप उघडायचं अंगठ्याने! कॉम्प्युटर विभागाच्या उर्वशी मॅडम म्हणाल्या, "भाईसाहब, घर पे आराम से अंगूठा रजिस्टर कर लेना." दादा, आमच्या पणजोबांनी धारच्या दरबारात कारकुनी केली. तेव्हापासून आमच्या घराण्यात सही चालते, अंगठा कुणी उठवलेला नाही. आणि आज दिलेला अंगठा उद्या ते कोणत्या कागदावर उठवतील, याचा काय भरवसा? राजीनाम्यावर उठवला तर? म्हणून मी अक्कल चालवली. उमाबाई बाफल्यांची कणीक मळत होत्या. त्यांचा हात धुऊन घेतला आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट नोंदवून टाकलं. त्या फक्त म्हणाल्या, "अहो, पण कामावर तुम्ही जाणार ना?" हा मुद्दा मला तोवर सुचला नव्हता.

मग रोज सकाळी त्यांनी घरी बोट लावायचं आणि स्कूटरवर मागे बसून उघडा लॅपटॉप मांडीवर धरायचा. वाटेत झोपू नये म्हणून त्याला सारखं टिचकावत राहायचं. गतिरोधक आला की एका हाताने यंत्र, दुसऱ्याने पदर, आणि मला धरायला हातच उरत नसे. ए. बी. रोडवर लोक त्यांना साहेबीण समजून वाट देत आणि मला ड्रायव्हर. दुपारी जेवणानंतर माझी जरा मान कलंडली, की कुलूप पडायचं. मग घरी फोन. त्या टेंपोने यायच्या, मी गेटच्या जाळीला लॅपटॉप टेकवायचा आणि त्या जाळीतून बोट घालायच्या. गेटवरचा रघुजी एक दिवस म्हणाला, "भिया, भाभीजी को बी गेटपास बनवई दो नी." पंधरा दिवस असे गेले. त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत, हे मला मान्य आहे.

रविवारी मी माताजीच्या टेकडीवर दर्शनाला गेलो होतो. परत आल्यावर उमाबाईंनी यंत्र उघडून दिलं, तर त्यात लिहिलेलं, यापूर्वी उघडले: आज, अकरा चाळीस. (ही नवी सोय आहे. चहाड्या सांगण्याची.) अकरा चाळीसला मी टेकडीच्या पायऱ्यांवर. मी विचारलं, एवढंच विचारलं, की माझ्या मागे हे कुणाला उघडून दिलंत? त्या ताटं मांडत राहिल्या. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. तेव्हा म्हणाल्या, "माझ्या बोटावर संशय आहे ना? मग बोट घेऊन माहेरी जाते."

त्या गेल्यावर मी बारकाईने तपास केला. बोट लावायच्या पट्टीवर हळद सापडली. किल्ल्यांच्या फटींत मी सांडलेली शेवही कुणीतरी पुसून काढली होती. म्हणजे त्या नुसतं यंत्र पुसत होत्या आणि पुसताना बोट पट्टीला लागून कुलूप उघडलं होतं. माझं चुकलं. हे वाक्य आपण त्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल.

वहिनीसाहेबांना नमस्कार. कळावे,

आपला,
जयसिंगराव

ता. क. सोमवारी तिमाही साठ्याचा अहवाल द्यायचा आहे आणि यंत्र उघडत नाही. तरी उमाबाईंना रविवारच्या बसला बसवून द्यावं. कंपनीचं काम आहे, नाइलाज आहे, असं सांगावं.

आणखी ता. क. आपल्याशी खोटं लिहून चैन पडेना. यंत्र उघडतं. काल उर्वशी मॅडमना बोलावून उमाबाईंचं बोट पुसून टाकलं आणि माझा अंगठा दिला. पणजोबांची मनातल्या मनात क्षमा मागितली. उमाबाईंना पुन्हा त्या जाळीशी उभं करायचं नाही, एवढं ठरवलं आहे. तेव्हा यंत्रासाठी आता त्यांची काहीही गरज नाही. तरी रविवारच्या बसला बसवून द्यावंच. कारण काय सांगायचं ते आपण बघा, मला लिहिता येत नाही.

शेवटचं. मॅडम ती टिकलीही काढायला निघाल्या होत्या, नियमात बसत नाही म्हणून. मी हात आडवा घातला. म्हटलं, ज्यांची आहे त्या रविवारी येतील, त्या काढतील.