जळक्या कोपऱ्याची पत्रिका

नाचणगाव, १२ सप्टेंबर १९७९

सौ. कमलाताईले हरिदासचा वाकून नमस्कार. भाऊजीलेही, अन् तुह्या सासूबाईलेही (त्या अजून रागात असतीन त त्यायचा नमस्कार तुह्याजवळच ठेवजो). तुही तब्येत विचारत नाई, कारण सोमवारी बाबा सोता पाहून गेले. इकडे आम्ही खुशाल आहो, म्हणजे आता आहो.

बाबा तुह्या दारात रडत काऊन आले, हे तिथं त्यायले नीट सांगताच आलं नसन, म्हणून मी लिहून राह्यलो. ताई, कारण माहं राकेट. फुटाण्याच्या पुडीच्या कागदावर चित्र होतं. खालचा टप्पा जळला का गळून पडते, मंग वरचा पेटते अन् आणखी वर जाते. मले ते लय पटलं (शाळा सोडल्यापासून ढोरं चाराले नेतो, तिथं इचार कराले जागा लय). दिवाळीचे सादळेल बाण वाळवले, पण नळीले जाड कागद पाह्यजे. घरात जाड कागद एकच, तुह्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका. खळ लावून दोन नळ्या गुंडाळल्या, एक मोठी, एक लहान, मधात वात. पह्यल्यांदा दोन्ही टप्पे जाग्यावरच जळले. दुसऱ्यांदा खालच्यानं वरच्याले सोडलंच नाई, दोघंही शेजारच्या नत्थूजीच्या तुरीत. सोमवारी सकाळी मात्र (तोंड दारूगोळ्याच्या डेपोकडे नव्हतं केलं, एवढी अक्कल आहे मले) सूं करून गेलं, वर जाऊन पुन्हा पेटलं, अन् लहान नळी दिसेनाशी झाली! मी बाजूले वळून म्हटलं, "दिसलं काय?" बाजूले म्हैस.

मोठी नळी पडली आनंदामावशीच्या आंगणात. उकलली त आत पत्रिका, कोपरा जळेल. मावशीले वाचता येत नाई, पण मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडेल असते, हे तिले पक्कं माहीत. नत्थूजीनं चष्म्याबिगर वाचलं, "नाव कमलाचं दिसते, पुढचं जळलं." बस! मावशी "माह्या लेकराले काय झालं वं माय" करत आमच्या दारात. मायनं काही न विचारताच सूर धरला. अर्ध्या घंट्यात घर भरलं. मी तीनदा म्हटलं, "ते राकेट होय." माहा आवाज तुले माहीतच आहे. तिसऱ्या खेपेले नत्थूजीले ऐकू गेलं, त म्हणे, "पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, पाणी पाजा याले." तवर बाबा एसटीत बसून गेलते.

बाबा तिथं पोहोचले तवा तू आंगण सारवून राह्यली होती म्हणते, अन् सासूबाई म्हणाल्या, "चार मह्यन्यात एकदा आले, अन् तेही रडत?"

बाबा काल आले. मी मार खाले पाठ पुढे करूनच बसलो होतो. त्यायनं मारलं नाई. टोपीनं तोंड पुसलं अन् म्हणे, "पोरगी बारीक झाली, पण बरी आहे." मंग सगळे आपापल्या घरी गेले. खरं सांगू, ते असेपर्यंत घर चांगलं वाटे. चहा मीच ठेवला सगळ्यायले.

तुहा भाऊ,
हरिदास

ता.क. लहान नळी अजून सापडली नाई. रिकामं राकेट पाठवणं बरं वाटलं नाई, म्हणून तिच्यात तुह्या नावाची चिठ्ठी टाकलती. कोण्या भल्या माणसानं टपालात टाकली त उघडू नको. घरात करमत नाई, दिवाळीले ये, एवढंच बावळटावानी लिहेल आहे.

आणखी ता.क. माय म्हणते, न्याले भाऊ आल्याबिगर सासरचे पाठवत नाई. त मी येतो. सासूबाईपुढे काय काय बोलावं लागते ते लिहून धाडजो, पाठ करून येईन.