आईशिवाय राहायची तालीम

१ जून, रविवार

लेकीच्या क्वार्टरमध्ये दाखल. गेटवरच्या जवानाने बॅग तपासली आणि त्यातली शिट्टी हातात धरून बराच वेळ पाहत राहिला. सांगितलं, नातवासाठी आहे. खेळायला का, म्हणाला. नाही, म्हटलं.

परिस्थिती अशी. जावई नौदलाच्या बोटीवर, वर्षअखेरीपर्यंत येत नाहीत. लेक कॅप्टन. तिलाही या महिन्यात सीमेवर जायचं आहे, सहा महिन्यांसाठी. साडेचार वर्षांचा मुलगा तोवर कोणाकडे राहणार हे ठरायचं आहे. म्हणजे ठरलेलंच आहे, माझ्याकडे. पण छावणीच्या कुटुंब मदत कक्षाचा नियम आहे की आधी तीन दिवसांची तालीम करायची. आईने छावणीतच मेसमध्ये राहायचं, पण घरी फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. मूल तयार आहे की नाही ते पाहतात. मूल तयार नसेल तर मी करीन. त्यासाठीच तर आले आहे.

पर्याय म्हणून विहीणबाईंचंही नाव दिलंय म्हणे. त्यांच्या घरी टीव्ही चालू असल्याशिवाय कोणाला घास गिळत नाही. मुलाला त्या 'बबड्या' म्हणतात. असू दे. पर्याय द्यावाच लागतो.

संकल्प: आवाज चढवायचा नाही.

२ जून, सोमवार

लेक उजाडताच निघाली. मुलगा तिच्या पायाला लटकला. निरोप लांबला की रडं लांबतं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. लेक मागे वळून न पाहता जिना उतरली. वळण माझं.

मग हे चिरंजीव खिडकीत उभे राहून "आई, आई" करायला लागले. समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली. लाजिरवाणं. त्याला समोर बसवलं आणि शांतपणे समजावलं की आई ड्यूटीवर आहे, आणि ड्यूटीवरच्या माणसाला हाका मारायच्या नसतात, त्याने तिचं काम बिघडतं. त्याने विचारलं, हळू मारली तर? म्हटलं, हळूसुद्धा नाही.

दुपारी त्याच्या पाळणाघरात जाऊन आले. जमिनीवर लोळणारी पोरं, बोटांना रंग. एका भिंतीवर परगावी गेलेल्या आईबापांचे फोटो, अगदी खाली, पोरांच्या उंचीला. पोरं येता-जाता त्या फोटोंचे पापे घेतात. काच सगळी चिकट. तिथल्या ताई म्हणाल्या, घरीही त्याच्या पलंगाजवळ आईचा फोटो असू द्या. मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. सेकंड क्लास, पण त्या काळचा. दृष्टीआड सृष्टी. फोटो कपाटात ठेवला, कुलूप लावलं. पाळणाघर उद्यापासून बंद.

आवाज एकदाच चढवला. शिट्टी त्यात धरत नाही.

३ जून, मंगळवार

प्रगती थक्क करणारी. सकाळी एका शिट्टीत उठला. चादरीची घडी तीनदा मोडून करायला लावली, चौथ्यांदा जमली. अंडं नको म्हणाला. नको हा शब्द या घरात नाही, असं सांगितलं. ताटासमोर बसवून ठेवलं. जेवायच्या वेळेपर्यंत खाल्लं. गार झालं होतं, पण त्याला मी काय करणार?

बाथरूमला विचारून जायचं, हा नियम कालच केला. आज मी विहीणबाईंशी फोनवर बोलत होते (त्यांनीच केला होता, "बबड्या रमला का हो?"), आणि हा दारात अटेन्शनमध्ये उभा. मी हाताने थांब म्हटलं. थांबला. नंतर पाहते तर चड्डी आणि फरशी दोन्ही ओली, पण जागा सोडलेली नाही. रागावले अर्थात. मनात मात्र म्हटलं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. बापापेक्षा चांगला सैनिक होणार.

संध्याकाळी मदत कक्षाच्या समुपदेशक बाई आल्या. वयाने लेकीएवढी, केस कापलेले. परीक्षा मुलाची, म्हणून त्याला भांग पाडून बसवला होता. तिने विचारलं, तुला काय खेळायला आवडतं? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तेव्हा म्हणाला, "काही नाही." किती समजूतदार! तिने काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक 'आज्ञाधारक'.

रात्री कोणाजवळ झोपतो, विचारलं. एकटा, दार लावून, म्हटलं. आईची आठवण काढतो का, विचारलं. एकदाही नाही, म्हटलं, आणि फोटोचं तंत्र समजावून सांगितलं. बाई ऐकतच राहिली. हल्ली कॉलेजात हे शिकवत नसावेत. चहाही न घेता गेली. वक्तशीर दिसते.

४ जून, बुधवार

आज मुलगा एकदाही बोलला नाही. रडलाही नाही. तालीम संपूर्ण यशस्वी.

जिन्यात शेजारची नर्स भेटली. म्हणाली, "आजी, दोन दिवस तुमच्याकडून आवाजच नाही हो. पोर बरं आहे ना?" तिची स्वतःची दोन पोरं दिवसभर बोंबलत असतात. तिला म्हटलं, हवं तर शिकवीन. हसली नाही. पोटात दुखणारच.

संध्याकाळी लेक आली. मी त्याला दारासमोर उभं करून ठेवलं होतं. दार उघडताच कडक सॅल्यूट! कोपर अगदी बरोबर. सकाळपासून घोटून घेतला होता. लेकीने हात पसरले. हा जागचा हलला नाही. मग अगदी हळू तिला म्हणाला, "आता हाक मारू?"

लेक युनिफॉर्मसकट फरशीवर बसली. इस्त्री गेली. मी म्हटलं, अगं, परतसुद्धा सॅल्यूट करायचा असतो.

५ जून, गुरुवार

मदत कक्षाचा निकाल असा की मूल विहीणबाईंकडे. हे म्हणजे गणितात पहिला आलेल्याला नापास करून ढ पोराला वर ढकलल्यासारखं झालं. समुपदेशक बाईंना भेटून सविस्तर बोलणार होते. लेक म्हणाली, त्यांनी नाही, मी ठरवलं.

कारण विचारलं. ती त्याचे कपडे बॅगेत भरत होती. नीट घड्याही नव्हत्या.

"मी सहा वर्षांची होते," म्हणाली. "बाबांना सोडायला स्टेशनवर गेलो होतो. मी रडले नाही. तू सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगितलंस, माझी मुलगी रडत नाही."

म्हटलं, हो तर. मला आठवतं. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

"मला रडायचं होतं, आई."

म्हटलं, रडून बाबांची गाडी थांबली असती का? तिने बॅगेची चेन ओढली.

ती दमली आहे. जायच्या आधी माणसं अशी हळवी होतात. यांचंही ड्यूटीवर जाताना असंच व्हायचं. रात्रीतून विचार बदलेल.

८ जून, रविवार

विचार बदलला नाही.

विहीणबाई टॅक्सी करून आल्या. जिन्यातूनच "बबड्याऽऽ" सुरू. सगळ्या इमारतीला कळलं. आल्या त्या तशाच चपलांसकट आत, आणि पर्समधून बिस्किटाचा पुडा. जेवणाआधी!

लेक आणि मुलगा गेटपर्यंत. मीही गेले. लेकीने त्याला त्यांच्या कडेवर दिला. साडेचार वर्षांचं पोर कडेवर! आणि दिल्याबरोबर त्याने भोकाड पसरलं. आई, आई, आई. गेटवरचे जवान पाहायला लागले. माझ्याकडे तीन दिवस होता, एक थेंब नाही. यांच्या हातात पडला आणि मिनिटात हे. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बाईंनी त्याला गप्पही केलं नाही. उलट म्हणाल्या, "रड रे सोन्या, मोठ्याने रड. मलापण रडू येतंय." आणि खरोखरच रडायला लागल्या, भर रस्त्यात. लेकही. तिघंही. लेक तर युनिफॉर्ममध्ये!

मी बाजूला उभी राहिले. कोणीतरी नीट उभं राहायला हवं होतं.

टॅक्सीत बसताना बाईंना स्पष्ट सांगितलं, झेपलं नाही तर लगेच कळवा, मी घरीच असते. लेकीलाही सांगितलं, जाण्याआधी काही लागलं तर बोलाव.

कोणी हो म्हणालं नाही. रडण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसावं.